मागच्या सीटचं वजन

उभी गाडी दिसली की काकाजी तिच्या बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकून तिला खाली दाबायचे आणि एकदम सोडून मागे सरकायचे. मग मान तिरपी करून बघत राहायचे.

"एकदा दबली, एकदा उठली, चूप बसली, ते गाडी," असं ते म्हणायचे. "दोनदा हालली तं पाळणा."

गाडी कोणाची हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आमच्या मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी एकदा त्यांनी एका साहेबांची गाडी दाबली. साहेब आतच बसले होते. ते फोनवर बोलता बोलता खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. काकाजींनी खिडकीत वाकून अदबीनं सांगितलं, "साहेब, समोरचा डावा गेला तुमचा." साहेबांनी घाईघाईनं शर्टाचा खिसा चाचपला. काकाजी गाडीच्या धक्के झेलणाऱ्या शॉकअपबद्दल बोलत होते हे त्यांच्या ड्रायव्हरनं समजावून सांगेपर्यंत काकाजी पुढच्या गाडीपाशी पोचले होते.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचा सोफा सुखरूप आहे म्हणायचा. आमचा नव्हता. काकाजी घरात आले की बसण्याआधी सोफा दाबून बघायचे, आणि कधी कधी त्यावर माझी सासू बसलेली असायची.

ते आमचे शेजारी. सगळी नोकरी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये, वजनकाट्यावर झालेली. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजता मोजता त्यांची नजर अशी झाली होती की माणसाकडे बघतानाही ते आधी वजन बघायचे. माझी त्यांच्याशी पहिली भेट झाली तेव्हा मी नमस्कार केला आणि ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून समाधानानं म्हणाले, "भरलेले आहा जी." माझ्या शरीराबद्दल एवढ्या कौतुकानं बोललेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, लहानशी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. सगळ्यांना वाटलं म्हातारपणी हौस सुचली. हौस होतीच, पण कारण एकोडी होतं. एकोडी हे काकूंचं माहेर. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडारीची नाचगाणी होतात, सासरी गेलेल्या लेकी झाडून सगळ्या माहेरी येतात. काकूंनी लग्नापासून एक मंडई चुकवली नव्हती. पण त्यांची कंबर धरली, आणि माहेरचं घर गावाबाहेर, तलावाच्या पाळीवरून जावं लागतं. त्या पाळीवर जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणणं हा आपला मोठेपणा. गाडी आली त्या वर्षी काकू तिच्यातून तिथं पोचल्या त्या सरळ खाटेवरच पडल्या, आणि दंडारीचे ढोल त्यांनी पडल्या पडल्या ऐकले. त्यांच्या थोरल्या भावानं काकाजींना सगळ्यांसमोर ऐकवलं, की तुमच्या मोटारीपरीस आमची बैलबंडी बरी होती, तिच्यातून आमची बहीण हसत यायची.

काकाजींना ते लागलं. काकूंना हसत एकोडीला न्यायचं, हे त्यांच्या उरलेल्या आयुष्याचं काम झालं.

त्यानंतर आमच्या ओट्यावर शॉकअपचा अभ्यास सुरू झाला. गॅसवाले घ्यावे की तेलवाले, स्प्रिंगच्या कमानी नुसत्या बदलाव्या की लिफ्ट किट टाकून सगळी गाडीच उचलून घ्यावी, उचलली तर किती. रोज सकाळी चहाला हाच विषय. काकाजी मोबाईलवर डोंगरात गाड्या चढवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचे आणि पोह्यांच्या बशीत चमचा उभा करून मला शॉकअप समजावून द्यायचे. मला त्यातलं काही कळत नसे. पण मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माझी बायको म्हणायची, मुलीचं स्थळ बघतानाही या माणसानं एवढी चौकशी केली नव्हती. हे खरं होतं. जावयाच्या घरी त्यांनी फक्त सोफा दाबून होकार दिला होता.

शेवटी आम्ही दोघं नागपूरला एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, की गाडीत नेहमी वजन किती असतं.

या प्रश्नाचं खरं उत्तर होतं: काकू आणि चिवड्याचा डबा. काकू अंगानं काडी. चिवडाही काही फार नसायचा. पण काट्यावर जन्म घालवलेला माणूस नागपूरच्या दुकानात उभा राहून, माझ्या गाडीत एक बारीक बायको बसते, असं कसं सांगेल? काकाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "कट्टे राह्यतेत जी. धानाचे."

"कट्टे राह्यतेत," मीही म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

दुकानदारानं मग भरल्या गाडीला लागतात तशा जाड कमानी बसवल्या, त्यांच्या जोडीचे दणकट शॉकअप दिले आणि गाडी चांगली टाचा उंच करून उभी केली. परत येताना आम्ही ट्रॅक्टरवाल्यांकडे वरून बघत आलो. रस्ताभर मी मागच्या सीटवर पाय पसरून बसलो होतो, आणि गाडी अशी चालत होती जशी तुपावरून. काकाजी भंडाऱ्यापासून मोहाडीपर्यंत गुणगुणत होते.

त्या मंडईला ते दोघं निघाले. काकूंना चढायला खाली पाट ठेवावा लागला, तरी चढल्या. मग तिसऱ्या प्रहरी बघतो तर काकू एसटीतून उतरून एकट्या घरी येत होत्या. केसांत चिवडा होता.

झालं असं, की रिकाम्या गाडीला त्या कमानी दबल्याच नाहीत. तुमसरपर्यंत प्रत्येक खड्ड्यात गाडी बेडकासारखी उडत गेली. काकूंचं डोकं टपाला लागलं, डब्याचं झाकण उघडलं, चिवडा काचेला चिकटला. तुमसरच्या स्टँडवर काकूंनी गाडी थांबवायला लावली, कंबर धरून उतरल्या, आणि खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाल्या, "आता या गाडीत माही राखबी बसणार नाही." त्या वर्षी काकूंची मंडई पहिल्यांदा चुकली.

काकाजी चार दिवस कोणाची गाडी दाबायला बाहेर पडले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि आपण दुकानात उगाच तोंड घातलं याचंही.

मग त्यांना उपाय सुचला. गाडी वजन मागते तर वजन द्यायचं. त्यांनी मागच्या सीटवर धानाचे कट्टे रचले आणि गाडी खरोखर नरम झाली. पण त्याच आनंदात त्यांनी पाइप लावून गाडी आतून बाहेरून धुतली. आठवड्यानं कट्ट्यांच्या शिवणीतून हिरवे कोंब वर आले. गल्लीतली माणसं थांबून, लावणीचे दिवस आल्यासारखी, रोवणा कधी करता जी, असं विचारू लागली. काकू दारात उभ्या राहून हसल्या, पण गाडीत काही बसल्या नाहीत. त्या वासात कोण बसेल.

पुढची दिवाळी आली तेव्हा काकाजी आमच्या ओट्यावर आले. चहा घेतला नाही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ती नजर मी ओळखायला हवी होती.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही मंडईले रिकामे आहा काय?"

मी मागे बसलो. काकाजींनी पुढून गाडी दाबली, मागून दाबली. एकदा दबली, एकदा उठली, चूप बसली. नागपूरहून येताना गाडी तुपावरून का आली होती, ते आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं. काकूंना बोलावलं. त्यांनी आधी मला बघितलं, मग गाडीला, आणि पाटावर पाय ठेवला. गल्लीला एक फेरी मारून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हे येत असतीन तं मी येईन."

अशा रीतीनं मी एकोडीच्या मंडईला जाऊ लागलो. कोणाचा पाहुणा म्हणून नाही, वजन म्हणून. पाळीवर गाडी चढली तेव्हा काकू हसत होत्या, आणि थोरला भाऊ दारात उभा राहून ते बघत होता. त्यानं काकाजींना विचारलं, "हे कोण जी?" काकाजी म्हणाले, "हे शॉकअप." त्या घरात मला त्यानंतर कधी नाव मिळालं नाही, पण मान फार मिळाला. जेवताना आग्रह व्हायचा: घ्या जी, परत जाचं आहे.

हे सुरळीत चाललं होतं. मग डॉक्टरांनी माझी साखर बघितली आणि माझ्या बायकोकडे बघून बोलले. भात गेला, साखर गेली, सकाळी चालणं आलं. मी उतरत गेलो. घरी सगळे खूश. काकाजी मात्र रोज फाटकातून मला बघून उदास व्हायचे. मंडई जवळ आली तसे ते एकदा माझ्या बायकोकडे अर्ज घेऊन आल्यासारखे आले. "सूनबाई, मंडई होऊ द्या. मंग करा त्यायले बारीक." सूनबाईंनी ऐकलं नाही.

त्या वर्षी पाळीवर गाडी एकदा उडाली. फार नाही, पण काकूंचा हात कमरेवर गेला. काकाजींनी गाडी थांबवली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मिलमध्ये हलका निघालेल्या कट्ट्याकडे बघत असतील तसं. उतरून शेजारच्या वाडीत गेले, वेलावरचा मोठा कोहळा मागून आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग गाडी पुन्हा तुपावरून निघाली. तेव्हापासून दर मंडईला मी आणि कोहळा असे दोघं मागे बसायचो. थोरला भाऊ आधी कोहळा उतरवून घ्यायचा, मग मला हात द्यायचा.

यंदाच्या पावसाळ्यात काकाजी गेले. सकाळी चहाला येतो म्हणाले होते.

दिवाळीनंतर मला वाटलं, काकू आता एसटीनं जातील, किंवा जाणारच नाहीत. मंडईच्या दिवशी त्यांनी फाटकातून हाक मारली. मी बाहेर आलो आणि नेहमीप्रमाणे मागचं दार उघडलं. आत जागा नव्हती. सीटवर धानाचे कट्टे रचलेले होते, त्यांवर प्लास्टिक बांधलेलं, आणि वर एक कोहळा.

"तुम्ही समोर बसा जी," काकू म्हणाल्या. "चालवाले येते ना?"

मी किल्ली घेतली. काकू गाडीच्या पुढे गेल्या, पदर खोचला आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. त्यांच्या अंगाचा भार तो किती. गाडी ढिम्म हलली नाही. त्यांनी हात सोडले, मागे सरकल्या, आणि मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं.

"हालली काय?"

"एकदा दबली," मी म्हणालो, "एकदा उठली, चूप बसली."

"मंग चला," काकू म्हणाल्या आणि पाट घ्यायला घरात गेल्या.