मामींनी पुढे केलेला ग्लास

नाशिक रोडजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची तपासणी होते. बनवणारा सांगतो तेवढं यंत्र खरंच करतं का, हे तिऱ्हाइताने पाहायचं, ते आम्ही पाहतो. म्हणून नियम आहे: ज्याचं यंत्र, त्याच्याकडचं काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही.

मला हा नियम सोयीचाच वाटायचा. अनोळखी घरात काय बोलावं ते मला सुचत नाही.

नांदगावजवळच्या एका वस्तीवर नमुने घ्यायला गेले होते. विहिरीचं खारं पाणी गोड करणारं ते यंत्र तिथल्याच एका तरुणाने बनवून आधी स्वतःच्या मामाच्या ओट्यावर बसवलं होतं. शेजारी बघायला जमले होते. त्यांची खात्री पटली तर आणखी काही घरं यंत्र घेणार होती.

मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत असताना मामींनी यंत्राच्या पाण्याचा ग्लास पुढे केला. "नको, मला घेता येणार नाही," मी म्हणाले. फार कोरडं आलं ते. वर घसा सुकला होता म्हणून पिशवीतली विकतची बाटली काढून तिथेच पाणी प्यायले.

एक म्हातारबा म्हणाले, "तपासणारीच पीत नाय, तं आपुन काय प्यायचं?" सगळे हसले. तरुणाने तो ग्लास घेऊन एका दमात संपवला.

"तू तं पिशीलच. तुझंच हाय ना ते," म्हातारबा त्याला म्हणाले.

मामी माझ्या बाटलीकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत नाय का, ताई?"

नियम मला इंग्रजीत पाठ होता. मराठीत शब्द जुळवेपर्यंत त्या आत निघून गेल्या. आणि नियम नसता, तरी निकाल यायच्या आधी मी ते पाणी प्यायले नसतेच.

अहवाल चांगला आला. काही दिवसांनी तरुणाचा फोन आला. अहवाल त्याने ओट्यावर सगळ्यांना दाखवला होता. इंग्रजी कागद कोणी हातातही धरला नव्हता. "मॅडम, एकदा येऊन सगळ्यांसमोर ग्लासभर प्या. बाकी काही नको."

मी सरांना विचारलं. आपण कोणाची जाहिरात करत नाही, ते म्हणाले. बरोबरच होतं. तेच मी त्याला कळवलं.

"बरं. मामीला काय सांगू?"

"नियम आहे म्हणून सांगा."

"ते मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला.