पहिला फोटो देवाचा

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती, अंगठाच उठवला. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, दादांना तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

गोष्ट पॅरिसची आहे. पण तिथं पोचायला आधी आमच्या गावी, केदारखेड्याला, जमीनदार आबांच्या अंगणात उभं राहावं लागेल.

दादा, म्हणजे माझे वडील किसन, आबांकडे सालदार होते. पाडव्याला बोली व्हायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत अंग आबांचं. मी बारावीत चांगल्या मार्कांनी पास झालो तेव्हा दादांनी भोकरदनहून पेढे आणले आणि पुडा घरात न सोडता थेट आबांकडे नेला. मी मागे होतो. आबा ओट्यावर, चार माणसं त्यांच्याभोवती, आम्ही खाली.

"कॉलेजला जातो म्हणतो? मंग आमची ढोरं कोण पाह्यल रे किसन?"

माणसं हसली. आबांनी पुडा घेतला, सावकाश खाली उतरले आणि बैलापुढे धरला. "ह्याला आधी. वर्षभर राबला तो ह्योच."

बैलानं कागदासकट खाल्ले. आणि दादा — दादाही हसले.

मला आधी राग आला तो आबांचा नाही, दादांचा. पण बापावर सूड उगवतो का कुणी? मग तो मी आबांसाठी राखून ठेवला. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं राखला. शिष्यवृत्ती मिळून जर्मनीला गेलो, तेव्हा तो सोबत नेला.

सालदाराचं पोरगं विमानात बसलं, हे आबांना कसं सोसावं? पुढच्याच वर्षी त्यांनी विलासला, आपल्या एकुलत्या एका मुलाला, स्वतःच्या खर्चानं त्याच विद्यापीठात धाडलं. विलास वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढं धीर राहील की नाही माहीत नाही. तो माझ्या खोलीवर भात शिजवायला शिकला. दर वेळी विचारायचा, "सुभ्या, मीठ किती?"

वर्षभरात मी त्या विद्यापीठाच्या गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. विलासच मला ओढून घेऊन गेला. विद्यार्थ्यांची स्वस्त बस, शनिवार-रविवार, पॅरिस. बसमध्ये तो एकदम म्हणाला, "गावात काय म्हणून राह्यले, माहितंय? आबाचं पोरगं परदेशात बिलकुल न्हाई, पुण्यात नापास होऊन लपून बसलंय. आबाला अर्धांग झालंय, बैठकीत पडून ऐकतेत बिचारे. म्हणले, टॉवरखाली उभा राह्यलेला तुझा एक फोटो धाड. भिंतीवर लावतो. मंग पाहतो कोण तोंड उघडतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दया आली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? पोटात गार वाटलं. आबांना काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

टॉवर जालन्याच्या सळयांच्याच रंगाचा निघाला, तपकिरी. पुलावर उभं राहून विलासनं कॅमेऱ्यात नवा रोल घातला. नव्या रोलचा पहिला फोटो देवाचा, ही आमच्याकडची पद्धत. आधी देव्हाऱ्यापुढे फ्लॅश पाडायचा, मग माणसं. विलास इकडंतिकडं बघू लागला.

"इथं देव कुठून आणू? सुभ्या, तूच उभा राह्य."

"मी काय देव हाये का?"

"न्हाई, पन तू माझ्याआधी आल्तास इकडं. थोबाड सरळ कर. पेढा खाल्ल्यासारखा हास जरा."

पेढा! त्याला ती गोष्ट ठाऊक होती? की सहज बोलला? मी विचारलं नाही. हसलोही नाही. त्यानं फोटो काढला आणि कॅमेरा माझ्या गळ्यात टाकला.

मग शनिवारचा दिवसभर, रोल संपेपर्यंत, मीच त्याचे फोटो काढले. टॉवरखाली, चर्चपुढं, काखेत लांबलचक पाव धरून. टॉवरचं टोक कापलं जाऊ नये म्हणून फरशीवर आडवा झालो. तेव्हा मनात ठरलेलं होतं का? होतं. तरीही मी ते फोटो नीट काढले. कुणी म्हणू नये, की ह्याला जमलं नाही.

रविवारी सकाळी लॉजवर तो अंघोळीला गेला. मी खिडकीशी गेलो, उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल जळेल इतका वेळ उघडंच धरलं. न्हाणीतून तो ओरडत होता, "सुभ्या, पाणी मस्त गरम हाये, जल्दी ये!" मी झाकण लावलं आणि म्हणालो, "आलो."

फोटो धुवायला दिले. पाकिटात एकच निघाला. रोलच्या आतल्या वेटोळ्यापर्यंत ऊन पोचत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यात आत गुंडाळलेला पहिला तेवढा वाचला होता. पुलावर मी, मागे टॉवर, चेहरा दगडासारखा.

विलास दुकानाच्या पायरीवर बसला. "आबाला काय सांगू रे आता?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा जाऊ," म्हणालो. पुन्हा गेलो नाही. दर सुट्टीला मीच काही ना काही अभ्यास काढायचो. त्या एका फोटोचं त्यानं काय केलं, हेही मी विचारलं नाही. मला वाईट वाटत होतं का? नाही. बरं वाटत होतं. दिवसेंदिवस बरं वाटत होतं.

थंडीत विलास अचानक गावी गेला. दोन दिवसांनी मी घरी फोन लावला. आई म्हणाली, आबा गेले. लेकराची गाठ पडली न्हाई.

आणि मग ती सांगत गेली, मी न विचारता.

"तुझा फोटो हाये की त्यांच्या बैठकीत. देवाच्या बाजूला लावल्ता. जो येईल त्याला डाव्या हातानं दाखवायचे. ह्यो आपल्या किसनचा, अन् फोटो काढनारा माझा विलास. लोकं बाहेर येऊन हसायचे. म्हणायचे, काढनारा कुठं दिसतो का फोटोत? मंग एक दिवस तुझ्या दादाला वर बोलवलं. आपल्या बाजूला बसवलं, गादीवर. चारचौघांपुढं म्हणले, किसन, तू तरी सांग ह्यांना, फोटो कोनी काढला."

"मग? दादा काय म्हणाले?"

"त्यांना काय ठावं, कोनी काढला ते? काय बोलनार? हसले नुसते."