सातव्या प्रतीची कड

गल्लीच्या वळणावर फ्रेमचं दुकान आहे आणि त्यात पट्टीमावशी बसतात. खरं नाव घरच्या कागदपत्रांत असेल. गल्लीला ते ठाऊक नाही आणि मावशींचंही त्यावाचून कधी अडलेलं नाही. सहा इंची पोलादी पट्टी कायम अंबाड्यात खोचलेली, म्हणून पट्टीमावशी. गिऱ्हाईक पिशवीतून काही बाहेर काढतंय न काढतंय, तोच ती पट्टी कागदावर आडवी पडलेली असते. यजमान काच कापतात, मावशी कागद कापतात, आणि दोघं मिळून दिवसभर एकमेकांचं डोकं खातात. तेहतीस वर्षं असा सुखाचा संसार चाललाय.

एवढ्या वर्षांत मावशींच्या हाताखालून किती चित्रं गेली याला गणती नाही. त्यातली पाहिली किती म्हणाल, तर जवळजवळ एकही नाही. हे काही त्यांचं उणं काढायचं म्हणून नाही. शिंपी कोट शिवतो, पण लग्नाला थोडाच जातो? मावशींच्या लेखी चित्र म्हणजे लांबी, रुंदी आणि चार कोपरे. पदवीचं प्रमाणपत्र असो, गेलेल्या आजोबांचा फोटो असो की धबधबा, सगळ्यांना एकच न्याय. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं, आणि शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं, "वाकडी कड म्हणजे न धुतलेलं तोंड." तेव्हापासून हाती येईल त्या कागदाच्या चारही कडा सरळ केल्याशिवाय मावशींनी पुढचं काम केलेलं नाही.

समोरच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीशी एक चाळिशीच्या बाई बसतात. त्यांना सगळे पार्सलबाईच म्हणतात. अबोल, चष्मा नाकावर घसरलेला. एका दुपारी मावशी दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, तेव्हा या बाई पुठ्ठ्यांच्या मधे जपून धरलेलं एक चित्र घेऊन दुकानात आल्या. यजमानांनी चिठ्ठीवर 'काळी फ्रेम, रविवारपर्यंत' एवढं लिहून घेतलं आणि चित्र मावशींच्या टेबलावर ठेवलं.

मावशी सुजका गाल घेऊन परतल्या. कागद हातात घेताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. जाडसर, हातानं बनवलेला कागद, आणि कडा नुसत्या धसकटासारख्या. "उंदरानं कुरतडलाय की काय," असं पुटपुटत त्यांनी पट्टी लावली. खालची कोरी जागा वरच्यापेक्षा दोन बोटं जास्त होती. तीही सारखी केली. त्या पट्ट्यात पेन्सिलीची काही पुसट खरड होती. कागदवाल्याची खूण असेल, असं त्यांना वाटलं. चारदा सुरी ओढली, चार पट्ट्या खाली पडल्या, आणि मावशींच्या जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मावशी, पोस्टातून बोलतेय. काल सांगायचंच राहिलं. कागदाच्या कडा आहेत तशाच ठेवा हं, त्या तशाच हव्यात. आणि खाली माझी सही आहे, शेजारी सातातली सातवी असा आकडा आहे, तो दिसू द्या. बाकीच्या सहा प्रती विकल्या गेल्या. ही शेवटची. प्रदर्शनात लावायचीय."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्या तोंडातून शब्द निघाला, "बरं."

फोन ठेवल्यावर त्या स्टुलावर बसल्या. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला दोऱ्याएवढं खोटं माप सांगितलं नाही, ती सरळ सरळ खोटं बोलली होती.

"अहो, कालच्या कागदाच्या पट्ट्या कुठंयत?"

यजमानांनी काचांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. काचेवर काच घासू नये म्हणून मधे कागदाच्या पट्ट्या घालायची त्यांची सवय. कालच नवा माल लावला होता. मग दोघांनी मिळून एकोणीस काचांचा गठ्ठा एकेक करून उतरवायला घेतला. चौदाव्या काचेखाली ती पट्टी सापडली. पेन्सिलीची सही, आणि ७/७.

"मिळाली ना? आता काय करायचं ते ऐक," यजमान म्हणाले. "रुंद पुठ्ठ्याची चौकट लाव. पट्टी खाली चिकटवून टाक, पुठ्ठ्यात सहीपुरती वेगळी खिडकी काप, जोड मधल्या पुठ्ठ्याखाली जाईल, सही तेवढी दिसेल. कोण उघडून बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडलीच कुणी तर?"

"तोवर आपण दोघं भिंतीवरच्या फोटोत असू."

एरवी मावशी हसल्या असत्या. पण खाई त्याला खवखवे. त्या दिवशी त्यांनी दोन मापं चुकवली, आणि दात दुखतोय म्हणून सांगितलं. दात दुखत नव्हता. शनिवारपर्यंत त्यांनी चौकटीचा पुठ्ठा तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. रविवारी सकाळी चित्र आणि सहीची पट्टी पुठ्ठ्यात घालून त्या पार्सलबाईंच्या घरी निघाल्या.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत दोरी, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले ओले कागद. टेबलावर शाईचे डबे, शाई फिरवायचा रूळ, आणि पाठ झिजून चकचकीत झालेला एक मोठा चमचा.

"छापायचा प्रेस कुठे परवडतो? ठशावर कागद ठेवून या चमच्यानं घासून चित्र उठवते," पार्सलबाई म्हणाल्या. पोस्टातल्या अबोल बाई इथे भलत्याच बोलत होत्या. "दिवसभर तिकडे ठप्पे मारते, घरी येऊनही ठप्पेच. जन्मच ठप्प्यात गेला माझा."

मावशींनी विचारलं, "सातच का काढल्या? आठवी काढता येत नाही?"

पार्सलबाईंनी फळीवरून लिनोलियमचा, जमिनीवर घालतात त्या रबरासारख्या चादरीचा, एक कोरलेला तुकडा काढून दिला. त्यावर आता काहीच उरलं नव्हतं. चार काड्या आणि दोन ठिपके. एकाच तुकड्यावर सगळे रंग, असं त्या समजावू लागल्या. आधी जे पांढरं ठेवायचं तेवढं कोरायचं आणि पिवळा छापायचा. मग तोच तुकडा आणखी कोरायचा, तांबडा छापायचा. असं करत करत काळ्यापर्यंत. "दर रंगाला ठसा थोडा थोडा संपत जातो. मागे फिरता येत नाही. सात कागद घेतले, तर सातच."

मावशींचा हात पुठ्ठ्यावर होता. तो उचलवेना. शेवटी त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्याखाली पट्टी ठेवली.

"मी कापलं. तुमचा फोन आला त्याच्या आधीच कापलं होतं. तरी मी बरं म्हटलं."

पार्सलबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कापलं ते एक वेळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण बरं म्हणालात, ते मनाला लागलं."

"लागणारच."

"मावशी, तुम्ही चित्र बघितलंत का?"

साडेअकरा बाय साडेपंधरा इंच, एवढंच मावशींना पाठ होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पहिल्यांदाच चित्राकडे पाहिलं. गल्ली होती. पोस्टाच्या खिडकीतून दिसते तशी, सकाळची, पिवळ्या उन्हातली. अर्धवट उघडलेली शटर्स, तारांवर एक अडकलेला पतंग, शिंप्याच्या दारातली सायकल. आणि वळणावर एक दुकान. दुकानाच्या दारात नखाएवढी एक बाई, खाली वाकलेली. तिच्या अंबाड्यात एक पांढरी रेघ.

"पट्टी पांढरी, म्हणजे ती सगळ्यात आधी कोरली," पार्सलबाई म्हणाल्या. "चित्राची सुरुवातच तिथून केली. तुम्ही बघितल्या बघितल्या ओळखाल आणि मला ओरडाल, असं वाटलं होतं. म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच दिलं."

मावशींना रडू आलं. त्यांना लोकांपुढे रडायला मुळीच आवडत नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

थोड्या वेळानं पार्सलबाई म्हणाल्या, "असू द्या. मी पुन्हा मागच्या बाजूला सही करते."

"अजिबात नाही. चूक माझी, आणि सही तुम्ही दुसऱ्यांदा का करायची?" मावशींचा दुकानातला आवाज परत आला होता. "फ्रेम मी माझ्या मतानं करते. पटली तर लावा, नाहीतर मी घरी ठेवते."

प्रदर्शन ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. मावशी सकाळीच गेल्या, यजमानांना दुकानात बसवून. एका निवृत्त नर्सनं एकाच कागदातून कापलेलं झाड होतं, पानांच्या शिरांसकट. त्याच्यापुढे मावशी पंधरा मिनिटं उभ्या. "इथे तुम्ही पातं बदललंत," असं त्या म्हणाल्या तेव्हा त्या नर्सनं त्यांना खुर्ची आणून दिली. एका बसचालकानं काड्यापेटीत मावतील अशी घडीची पुस्तकं केली होती. प्रत्येकात त्याच्या बसमधे पेंगणारा एकेक माणूस. मावशींनी सगळी उघडून पाहिली, चष्मा लावून, आणि एका जांभई देणाऱ्या म्हाताऱ्याला पाहून एकट्याच हसल्या. मापं घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

पार्सलबाईंचं चित्र खिडकीजवळ होतं. काळी फ्रेम, पुठ्ठ्याची चौकट नाही. आत चित्र, त्याखाली अर्ध्या बोटाची फट, आणि फटीखाली ती पट्टी, तिची खालची कड तशीच धसकटासारखी, तिच्यावर सही आणि सातातली सातवी. काही जोडलेलं नाही, काही झाकलेलं नाही.

एक गृहस्थ तिथे वाकून वाकून पाहत होते. पार्सलबाई चहा आणायला गेल्या होत्या, म्हणून गृहस्थांनी शेजारी उभ्या असलेल्या मावशींनाच विचारलं, "ही मधली फट कशाची हो? मुद्दाम सोडलीय का?"

मावशींनी अंबाड्यातली पट्टी काढली आणि काचेवर टेकवली.

"ही माझी चूक," त्या म्हणाल्या. मग पट्टी वर सरकवत सरकवत त्यांनी ती वळणावरच्या दुकानाशी नेली. "आणि ही मी."