साडूंचे चार टायर

एखादी गोष्ट ठरवायला पुण्यात माणसं वेळ घेतातच; पण आमच्या साडूंनी पिकअपचे चार टायर निवडायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात त्यांच्या मुलाने एक सॉफ्टवेअर कंपनी धरली, सोडली, दुसरी धरली आणि तो अमेरिकेला जाऊन स्थिरावलासुद्धा.

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन साडूंनी पानशेतच्या पलीकडे डोंगरउतारावर जमिनीचा तुकडा घेतला आणि तिथे जायला एक जुनी पिकअप. कलमं लावायची, खोली बांधायची आणि कर्वेनगरचा फ्लॅट सोडून तिथेच राहायचं, हा बेत ताईंचा. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. खोली झाली, कलमंही लागली. आणि पहिल्याच पावसाळ्यात साडूंनी जाहीर केलं, "टायर गोटा झालेत. चिखल, खडक आणि डांबर, तिन्हीवर चालणारे टायर मिळेपर्यंत हिला वर नेणार नाही." स्वतः मात्र ते एसटीने जात आणि शेवटचे दोन कोस चालून कलमांना पाणी घालून येत.

मग शोध सुरू झाला. भाचीच्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी ते दिसेनात. शोधलं तर वरपक्षाच्या जीपखाली आडवे, अंगात रेशमी झब्बा, हातात पट्टी, टायरवरच्या नक्षीची खोली मोजताहेत. सायबर कॅफेत तासन्‌तास बसून आणलेल्या छापील कागदांची त्यांच्याकडे जाडजूड फाइल झाली होती. पातळ कडांचा टायर खडकावर फाटतो म्हणून हा नको, मोठ्या खाचांचा डांबरावर गुरगुरतो म्हणून तो नको. टायरवाल्याने एकदा शांतपणे विचारलं, "काका, टायर घ्यायचाय की जावई करून घ्यायचाय?" साडू म्हणाले, "जावई घसरला तर परत आणता येतो."

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत.

शोधाच्या तिसऱ्या वर्षी ताई आजारी पडल्या. दुखणं पोटातलं होतं आणि उशिरा कळलं. डॉक्टरांनी साडूंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ते ताईंनी बाहेर बसून ओळखलं. घरी आल्यावर त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, कुठलेही चार बसवा. पण एकदा मला वर न्या."

साडू उठले. तासाभरात टायर बसवून आले. दुकानात पुढ्यात होते तेच उचलले होते. नाव विचारलं तर त्यांना सांगताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. शेवटच्या चढावर साडूंनी गाडी थांबवली. कपाळावर घाम, हात स्टिअरिंगवर घट्ट. ताई मला म्हणाल्या, "त्या पावसाळ्यात इथेच गाडी मागे घसरली होती. माझ्या बाजूचं चाक दरीच्या काठावर. एका दगडाने अडलं, म्हणून आहोत. हे कुणाला बोलले नाहीत, मीही नाही." मग साडूंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चला. मी नाही घाबरत."

गाडी चढली. ताई दुपारभर खोलीच्या पायरीवर बसल्या, एकेका कलमाला हात लावून आल्या. दहीभात दोनच घास खाल्ला. परतताना डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

दिवाळीआधी त्या गेल्या.

मुलगा आला, तेरा दिवस राहिला, "बाबा, तिकडे चला" म्हणाला आणि परतला. पुढच्या रविवारी सकाळी सातला साडू आमच्या दाराशी उभे. खाली पिकअप चालूच होती. मला शेतीतलं काही कळत नाही, डोंगरावर गेलं की माझे गुडघे दुखतात, हे त्यांना चांगलं ठाऊक.

"कलमांना पाणी घालायचंय," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं शेजारी बसा. ती सीट रिकामी असली की मला चढावर गाडी नेता येत नाही."

मी चपला घातल्या. तेव्हापासून दर रविवारी घालतो.