रॉटरडॅमचा गरम रॅम्प

काँक्रीट ओतलं की ते पक्कं होईपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नसतो. वाट बघणारी माणसं गप्पा मारतात, आणि तिथूनच किस्से साठत जातात. कोविडच्या काळात रॉटरडॅमच्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये तिघंच होतो: मी, डोंबिवलीचा समीर आणि आमचा डच बॉस योस्ट. काम एकच, वीज वाहून नेणारं काँक्रीट. त्यात ग्रॅफाइटची पूड आणि कार्बनचे तंतू घालायचे, करंट सोडायचा. काँक्रीट कोमट होतं, वरचा बर्फ वितळतो, मीठ टाकावं लागत नाही. व्होल्टेज इतकं कमी की वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

*

हे लोकांना समजावणं मात्र महाकठीण! मराठी मंडळाच्या झूम कॉलवर समीरच्या बायकोने अभिमानाने सांगितलं, "समीर आता कंडक्टिव्ह काँक्रीटमध्ये आहे." नेट अडखळत होतं. एका काकूंना अर्धाच शब्द ऐकू आला. त्या कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, एवढं इंजिनिअरिंग करून कंडक्टर? कुठल्या ट्रामवर?"

*

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतला काळा भाग, त्याची पूड. ती पिठासारखी उडते. एकदा दिवसभर मिक्सरपाशी उभा राहून समीर तसाच सायकलवरून घरी गेला आणि दारातच मास्क काढला. कपाळ, गाल काळेकुट्ट, नाकाखाली लख्ख गोरा! त्याची लेक शाळेचा लॅपटॉप बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, यू आर वेअरिंग युअर मास्क अपसाइड डाउन!"

*

हिवाळा आला, बर्फ काही येईना. हिवाळा संपायच्या आत निकाल नाही मिळाले, तर प्रोजेक्ट बंद होणार होता. शेवटी योस्ट मासळीवाल्याकडून क्रेट भरून बर्फाचा चुरा घेऊन आला. तो झकास वितळला. पण वास! बघता बघता स्लॅबवर सीगल पक्ष्यांची गर्दी. समीर शांतपणे म्हणाला, "योस्ट, व्हिजिटर्स आलेत. दीड मीटरचं अंतर पाळत नाहीयेत!"

*

पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिला स्लॅब दाखवला.

"काँक्रीट गरम करायचा पगार देतात तुला?"

"हो."

"मग त्यांना म्हणावं, मे महिन्यात आमच्या गच्चीवर या. करंटसुद्धा लागायचा नाही!"

*

अखेर फेब्रुवारीत खराखुरा बर्फ पडला. आमचा टेस्ट रॅम्प एका वृद्धांच्या केअर होमच्या दाराशी होता. सगळा रस्ता पांढरा आणि मध्ये आमचा तेवढाच काळा, ओला तुकडा! समीरने आणि मी कोपराला कोपर लावून सेलिब्रेट केलं.

आत काही जणांना कोविड झाल्यामुळे भेटी बंद होत्या. रॅम्पला लागून असलेल्या खिडकीत एक आजोबा बसले होते आणि बाहेर, आमच्या रॅम्पवर, त्यांची बायको उभी होती. आन्नेके नाव त्यांचं. जाड काचेतून काही ऐकू जात नव्हतं. आजोबा सारखे आजींच्या पायांकडे बोट दाखवून हाताने 'गारठशील, घरी जा' म्हणत होते. आजी हलत नव्हत्या.

थोड्या वेळाने रॅम्प सुकला. त्यातला ओलाव्याचा सेन्सर कोरडा झाला की करंट आपोआप बंद होतो, तसा तो झाला. आता, योस्ट म्हणजे लॅबमधला एक दिवासुद्धा उगीच चालू ठेवू न देणारा माणूस. त्याने खिडकीकडे पाहिलं. मग वाकून मूठभर बर्फ उचलला आणि सेन्सरवर ठेवला. करंट पुन्हा सुरू!

"टेस्टिंग," आमच्याकडे न बघता तो म्हणाला. तो बर्फ वितळल्यावर त्याने दुसरा ठेवला.

मी माझ्या मोडक्या डचमध्ये आन्नेकेआजींना सांगितलं, "खाली गरम आहे. हात लावून बघा."

त्यांनी हातमोजा काढला, वाकून रॅम्पला तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला. मग कठड्याला धरून एक बूट काढला, मग दुसरा. चहूकडे बर्फ आणि मधोमध त्या नुसत्या लोकरीच्या मोज्यांवर उभ्या! एक पाऊल उचलून त्यांनी काचेसमोर धरलं.

आजोबांनी ते पाहिलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत वाकून त्यांनी सावकाश आपल्या सपाता काढल्या.