नामदेव आजही बाहेरच बसला होता

आपली हॉकी टीम आज पुन्हा सेमीफायनलमध्ये हरली. हरल्याचा राग यायचाही आता कंटाळा आलाय. पण मॅचनंतर आलेला फोन काही डोक्यातून जात नाही.

लाखनीच्या जुन्या दोस्तांनो, तुम्हाला आठवत असेल. ऐंशीच्या दशकात आपण हायवेवरच्या सायकल दुकानात रेडिओवर कॉमेंट्री ऐकायचो. एकदा ट्रकच्या आवाजात कॉमेंट्री बुडाली, नामदेवनं "काय झालं बा?" असं विचारलं आणि नेमका तेव्हाच आपल्यावर गोल झाला. त्या दिवसापासून मॅच असली की आपण त्याला रस्त्यापलीकडे उभं करायचो. तो तिथून आपले चेहरे पाहून स्कोअर ओळखायचा. आपण तरीही हरायचोच.

आजचा फोन त्याचाच होता.

"घरचे टीव्ही पाहून राहिले होते, मी आंगनातच बसून होतो. एकदाही आत नाही गेलो. मंग काहून हारलो बे?"

फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

सांगा ना, इतक्या वर्षांत "नामदेव, आत ये" एवढं आपल्यापैकी एकाच्याही तोंडून का निघालं नसेल?