काचेतला माणूस

भुसावळला आमच्या शेजारी राहायची ती. लंडनला असताना पैसे घेऊन परक्या पुरुषांना सोबत करायची, गिऱ्हाईक मागून येऊन सहज काहीतरी बोललं, की हसून त्याच्या हातात हात घालायचा आणि संग्रहालयं हिंडायची. हे तिने फक्त मलाच सांगितलं होतं. साध्या पोस्टात शिरली तरी आधी विचारायची, "अक्का, दुसरं दार कोठे शे?" मला हसू यायचं.

एकदा धुळ्याच्या संग्रहालयात मी ताम्रपट बघत होते. ती मात्र कपाटाच्या काचेत, पाठीमागे कोण येतंय ते बघत होती. काचेत एक टोपीवाले गृहस्थ दिसले.

"छान आहे, नाही?" ते सहज म्हणाले.

ती वळली, गोड हसली आणि तिने त्यांच्या हातात हात घातला. दुसऱ्या हाताची नखं माझ्या मनगटात रुतत होती.